सहा ते साडेसहा

रविवार, ५. दुपारी ३.
आजपासून रोजनिशी. कोणी वाचणार नाही, तेव्हा सगळं खरं लिहायचं.

आज चर्चमध्ये पाळकसाहेबांनी प्रार्थना-साखळी जाहीर केली. उद्यापासून एकवीस दिवस, पहाटे साडेपाच ते रात्री साडेनऊ. बत्तीस माणसं, प्रत्येकाला अर्धा तास. आपला अर्धा तास संपला की पुढच्याला फोन करायचा आणि एवढंच म्हणायचं : माझं झालं, आता तुमचं. विषय एकच. आपल्या मंडळीतला एक बंधू कामाच्या रगाड्यात प्रभूपासून दूर गेलाय, तो परत यावा. नाव गुप्त.

ऐकून वाईट वाटलं. कोण असेल बिचारा?

मी ताबडतोब हात वर केला. पाळकसाहेब जरा घुटमळले. त्यांनी हिच्याकडे पाहिलं. ही स्वतःच्या चपलांकडे बघत होती. माझ्यासारख्या बिझी माणसाने आपण होऊन पुढे यावं, याने दोघांनाही भरून आलं असावं. माझ्याकडे एकशे बारा लिफ्ट आहेत. मालकीच्या नव्हे, देखभालीला. सुपरवायझरला रविवार नसतो. तरी सहा ते साडेसहा ही वेळ मी मागून घेतली.

आणखी एक. २६ तारखेला लेकीचं दृढीकरण. म्हणजे ती मंडळीची पूर्ण सभासद होणार. वेदीपुढे बायबलमधली बावीस वचनं तोंडपाठ म्हणायची, मागे आईबाप उभे, एकेक हात तिच्या खांद्यांवर. पाठांतर रोज संध्याकाळी मी घेणार, असं आज सर्वांसमक्ष कबूल केलं. ही म्हणाली, अहो, रोज नको, एकदा घ्या. हिचा माझ्यावर विश्वासच नाही.

सोमवार, ६. सकाळी ७.
शुभारंभ. सहाला नर्सबाईंचा फोन आला. या आमच्या मंडळीतल्या निवृत्त नर्स, माझ्या आधीची पाळी त्यांची. बोलणं इंजेक्शनसारखं. माझं झालं, आता तुमचं, खट. मी उठून बसलो, डोळे मिटले. मिटायला नको होते. साडेसहाला हिने हलवलं.

पुढची पाळी मंडळीतल्याच विमेवाल्याची. त्याला फोन केला, पहिल्या रिंगलाच उचलला. पहाटे साडेसहाला इतका ताजा आवाज? मन स्वस्थ असलेला माणूस झोपतो.

मंगळवार, ७. रात्री ९.
आज डोळे उघडे ठेवून बसलो. पण दूर गेलेला बंधू म्हणजे नेमका कोण, हे कळल्याशिवाय प्रार्थनेला धार येत नाही. म्हणून आधी मंडळीतल्या पुरुषांची मनातल्या मनात यादी केली. तीत अर्धा तास गेला. हीसुद्धा एक प्रकारे प्रार्थनाच.

चहा साडेसहाआधी मिळत नाही. ही सहा ते साडेसहा स्वयंपाकघरात खुर्चीवर डोळे मिटून बसलेली असते. उठायचं तर झोप आवरून उठावं माणसाने. या अर्ध्या तासात हिचं काय चालतं, देव जाणे.

संध्याकाळी पाठांतर. वचन तिसरं चालू असताना आमच्या देखभालीतल्या एका सोसायटीच्या चेअरमनसाहेबांचा फोन, लिफ्टच्या दाराचा सेन्सर. फोन ठेवल्यावर ही काहीतरी सांगत होती. मग दुसरा फोन आला.

गुरुवार, ९. रात्री ८.
खरा शत्रू फोन आहे. निर्धार : सकाळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे.
अडचण : मग नर्सबाईंचा फोन कसा कळणार?
उपाय : फोन जवळच, पण त्यात प्रार्थनेचं ॲप. दर पाच मिनिटांनी घंटा वाजवून मन ठिकाणावर आणतं. आज घंटेचे चौदा आवाज ऐकून पाहिले. पितळी चांगला आहे.

शुक्रवार, १०. सकाळी ७.
पितळी घंटेने दचकायला होतं. लाकडी लावली.

बंधू कोण ते जवळजवळ निश्चित झालं. विमेवाला! सगळे पुरावे जुळतात. एक, विमा विकतो, म्हणजे उद्याचा भरवसा देवावर नाही. दोन, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतो. तीन, उपासना संपताच सगळ्यांशी हसून बोलतो, म्हणजे आत काहीतरी लपवतोय. आणि त्यालाच साखळीत घेतलंय! पाळकसाहेबांची कमाल आहे. माणूस स्वतःसाठीच प्रार्थना करतोय आणि त्याला पत्ता नाही. आज मला मनापासून हसू आलं. मग हसल्याबद्दल क्षमा मागितली. हिशेबात धरलं तर आजवरची सर्वांत सलग प्रार्थना हीच.

रविवार, १२. दुपारी २.
उपासनेनंतर विमेवाल्याला बाजूला घेतलं. हात हातात धरून म्हटलं, भाऊ, मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतोय, धीर सोडू नका. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणाला, आम्हीही करतोय हो भाऊ, तुमच्यासाठी. किती वेळ माझा हात सोडेना. आतून पार पोखरला गेलाय माणूस.

हिला सांगितलं. ही भाजी परतायला उठून गेली.

मंगळवार, १४. रात्री ११.
दिवस धावपळीचा. सहा ठिकाणी लिफ्ट बंद. खरं तर आमचा मेकॅनिक सगळीकडे गेला असता. निवृत्तीला आलेला माणूस, दोरी हलताना नुसती पाहून ब्रेक कुठे घासतोय ते सांगतो. म्हणत होता, साहेब, तुम्ही बसा, मी बघतो. पण चेअरमनसाहेब मलाच फोन करतात. म्हणतात, तुम्ही आलात की धीर येतो. असं म्हणणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? घरात असं कोणी म्हणत नाही.

जेवताना ही काहीतरी सांगत होती. महत्त्वाचं आहे म्हणाली. तेवढ्यात कॉल. परत आलो तर झोपली होती. महत्त्वाचं असतं तर जागी राहिली असती.

बुधवार, १५. संध्याकाळी.
पाठांतर घेतलं! एक हात फोनवर होता, पण कान लेकीकडे. मध्येमध्ये छान, पुढचं, असं म्हणत होतो. शेवटी म्हणाली, बाबा, मी एकच वचन तीनदा म्हटलं. मी म्हटलं, उजळणी चांगली असते. हसली नाही. या वयात मुलं घुमी होतात.

शनिवार, १८. सकाळी ७.
ॲप म्हणतं, तुमची सलग नऊ दिवसांची मालिका पूर्ण. टाळ्यांचा आवाज आला. ॲपला कळतं, माणसांना कळत नाही.

(सहाला उठलो नव्हतो. पण घंटा बंद करायला बटण दाबलं की ते हजेरी धरतं.)

रविवार, १९.
आज पाळकसाहेबांनी विचारलं, भाऊ, तो अर्धा तास बसता ना? मी म्हटलं, एकही दिवस चुकला नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, बसत राहा, तेवढंच मागणं आहे. माझ्याकडून त्यांच्या फार अपेक्षा दिसतात. मंडळीच्या कारभारात वडीलपदाची एक जागा रिकामी होतेय. मला पदाचा मोह नाही. मंडळीपुढे आपल्या अनुभवाची साक्ष द्यायला सांगितली तर मात्र तयारी हवी. विषय सुचलाय : धावपळीतही चित्त स्थिर. उद्यापासून सहा ते साडेसहा तिचे मुद्दे काढणार.

बुधवार, २२. रात्री ८.
साक्षीचे नऊ मुद्दे झाले. दहावा सुचत नाही.

लेकीने विचारलं, बाबा, रविवारी नक्की ना? मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? म्हणाली, नाही, सहज. मी म्हटलं, मी नसलो तर समज, मी लिफ्टमध्ये अडकलोय! फार दिवसांनी हसली. मी विनोदी माणूस आहे, हे घरातले विसरतात.

ही शेजारी उभी होती. काहीतरी सांगू लागली. मी बोट वर केलं, कारण फोनवर कंपनी होती.

शनिवार, २५. संध्याकाळी.
लेकीचा पांढरा ड्रेस इस्त्री करून दाराला टांगलाय. माझा कोट बाहेर काढला. उद्याची ड्यूटी मेकॅनिकची. फोन बंद ठेवणार. निदान मूक तरी.

रविवार, २६. दुपारी ४.
क्रमाने लिहितो.

सकाळी सव्वाआठ. कोट घातलेला. उपासना साडेनऊची. चेअरमनसाहेबांचा फोन : लिफ्ट पाचव्या मजल्यावर अडकलीय, आत दोन बायका. मी म्हटलं, मेकॅनिकला पाठवतो. ते म्हणाले, तुम्ही आला असता तर धीर आला असता. इमारत चर्चच्या वाटेवरच आहे. ही म्हणाली, अहो, नका जाऊ. लेकीने माझ्या खिशातून लोंबणारा रुमाल आत खोचला.

नऊला पाच कमी असताना दोन्ही बायका बाहेर. टाळ्या. चेअरमनसाहेबांनी हात मिळवला. मेकॅनिक दुसऱ्या कॉलवर निघून गेला. आता लिफ्ट एकदा खाली नेऊन पाहावी, म्हणून एकटाच आत शिरलो. मशीन रूममध्ये माणूस उभा असल्याशिवाय एकट्याने चाचणी करू नये, असा नियम आहे. आमच्या ऑफिसच्या फळ्यावर तो माझ्याच अक्षरात लिहिलेला आहे.

चौथ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये थांबली. फोनला रेंज नाही. चेअरमनसाहेब धीर येऊन घरी गेले होते. बेल वाजवत राहिलो. सुट्टीच्या दिवशी बेल म्हणजे मुलांचा खेळ, असं वरच्या मजल्यांवर वाटलं म्हणे.

एक तास दहा मिनिटं. मी, कोट आणि चार भिंती. फोन नाही, माणूस नाही, काम नाही. एकवीस दिवस जे मागत होतो, ते सगळं एकदम मिळालं. गुडघ्यावर बसलो. सुरुवात केली. तेव्हा दिसलं की बटणांच्या पट्टीचा एक स्क्रू नाहीये. मग कंपनीला कडक पत्र मनात लिहून काढलं. साक्षीचा दहावा मुद्दाही तिथेच सुचला.

मेकॅनिकनेच काढलं. मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाला, साहेब, तुमच्या मुलीचा फोन आला. म्हणाली, बाबा चर्चला आले नाहीत, म्हणजे ते लिफ्टमध्ये अडकलेत. दुसरं कारणच असू शकत नाही म्हणाली. मी तिला म्हटलं, बेटा, दुसरीकडे कुठे गेले असतील, तर म्हणाली, नाही, बाबांनी सांगितलंय.

धावत पोचलो. तिने पाळकसाहेबांना पंधरा मिनिटं विधी थांबवायला लावला होता म्हणे. त्याहून जास्त त्यांना थांबता आलं नाही. मी दारातून आत आलो तेव्हा ती बाविसावं वचन म्हणत होती. खणखणीत. एका खांद्यावर हिचा हात. दुसऱ्या खांद्यावर विमेवाल्याचा!

माझ्या जागी. माझ्या लेकीच्या खांद्यावर.

बाहेर अंगणात सगळे जमले. नर्सबाई भेटल्या. म्हणाल्या, एकवीस दिवस झाले, पण तो बंधू काही परत आला नाही. मी भडकलोच. म्हटलं, आला की! चांगला वेदीपर्यंत आला, परक्याच्या मुलीच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला! नर्सबाई म्हणाल्या, अहो, तो नव्हे. आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. कोणाकडे पाहताहेत म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

रविवार, २६. संध्याकाळी ७.
फसवणूक! दुसरा शब्द नाही.

बत्तीस माणसं. त्यांत मीसुद्धा! अख्खी मंडळी रोज सोळा तास आळीपाळीने माझ्याबद्दल देवाच्या कानाशी लागत होती आणि माझ्यासमोर तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती. विमेवाल्याचं ते टचकन पाणी! मी त्याचा हात धरला होता, ही माझी समजूत. धरला होता त्याने.

पाळकसाहेबांना फोन केला. म्हटलं, माझ्याच साखळीत मला कसं घेतलंत? म्हणाले, तुम्ही हात वर केलात. मग म्हणाले, भाऊ, आम्हाला वाटलं, तुम्ही रोज अर्धा तास खरोखर बसलात, तर मागणं तिथल्या तिथेच पुरं झालं. बाकीच्या एकतीस जणांची गरजच उरली नसती.

आणि नाव कोणी दिलं? हिने! जिच्याशी अठरा वर्षं संसार केला तिने. मी विचारलं, आधी मला सांगायचं होतंस. म्हणाली, तीनदा सांगायला आले. मी म्हटलं, खोटं. मग ही वही काढून पाहिली. ७, १४, २२. तीनदा आहे. माझ्याच अक्षरात.

मी म्हटलं, तू तरी काय दिवे लावलेस, सकाळी चहा टाकायचा सोडून खुर्चीत डुलक्या काढत होतीस. ही म्हणाली, सहा ते साडेसहाची साखळी तुटू नये म्हणून बसत होते. तुम्ही घोरत होतात ना.

म्हणजे घरातसुद्धा माझा बदली माणूस ठरलेला होता. असा विश्वासघात शत्रूनेही केला नसता.

सोमवार, २७. संध्याकाळी.
लेकीला विचारलं, रागावलीस का. नाही म्हणाली. मी अडकलो होतो, हे खरंच होतं ना, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, शंभर टक्के खरं, मेकॅनिकला विचार. म्हणाली, विचारलं. तो म्हणाला, त्या दोन बायकांना काढायला तो एकटा पुरेसा होता.

मेकॅनिकसुद्धा! पंधरा वर्षं माझ्या हाताखाली आहे.

साखळी आणखी एकवीस दिवस वाढवलीय. आता विषय गुप्त नाही. सहा ते साडेसहाच्या पाळीवरचं माझं नाव खोडून लेकीचं लिहिलंय. पूर्ण सभासद झाल्यावर तिनेच जाऊन मागून घेतली म्हणे. अपमान गिळला. तिच्याजवळ बसलो आणि म्हटलं, उद्या तुझ्याबरोबर मी बसतो. फोनशिवाय. तू माझ्यासाठी माग, मीही माझ्यासाठी मागतो. तिने जाऊन आपल्या खोलीत दुसरी खुर्ची आणून ठेवली.

आतापर्यंतचे निर्धार कच्चे होते. हा पक्का.

मंगळवार, २८. सकाळी ७.१०. चेअरमनसाहेबांच्या इमारतीच्या जिन्यावर.
साडेपाचला उठलो. गजर न लावता! तोंड धुतलं, खुर्चीवर जाऊन बसलो. लेक आधीच बसली होती, केस विंचरून. सहाला तिच्या आईच्या फोनवर नर्सबाईंचा फोन आला. तिने डोळे मिटले, मीही मिटले.

मोठ्याने प्रार्थना करत होती. मला वाटलं होतं, वचनं म्हणेल. पण साधं बोलत होती, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसं. म्हणाली, बाबा आज आलेत. आज ते इथे आहेत. मी डोळे आणखी घट्ट मिटले. एकशे बारा लिफ्टची शपथ, खरंच मिटले.

तेव्हा खिशात फोन थरथरला. तो मूक होता, म्हणून घेऊन बसलो होतो. मूक फोन म्हणजे फोन नव्हे. ती एक क्षण थांबली, मग पुढे बोलू लागली. मी नुसतं पाहिलं. चेअरमनसाहेब. दुसऱ्यांदा थरथरला. मी पाय न वाजवता बाहेर आलो, उचलला. मेकॅनिक निघालाय, पण तुम्ही आलात तर. पुढचं वाक्य मला पाठ आहे.

अर्ध्या तासात परत येऊ, असं ठरवलं. चपला हातात घेतल्या. तिचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून दार अगदी हळू ओढून घेतलं, कडीसुद्धा वाजली नाही. आतला आवाज थांबला. वाटलं, आमेनपर्यंत आली असेल. घड्याळात सहा वाजून आठ मिनिटं झाली होती.

पोचलो तेव्हा मेकॅनिकने लिफ्ट सुरू केलेली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, हत्यारांची पेटी उचलली आणि जिन्याने उतरून गेला.

मी इथे पायरीवर बसलोय. काळजी वाटली, साडेसहाला लेकीने साखळी पुढे दिली की नाही. पहिलाच दिवस तिचा. म्हणून विमेवाल्याला फोन केला. पहिल्या रिंगलाच उचलला. म्हणाला, हो, मुलीचा आला होता फोन. मी विचारलं, काय म्हणाली? म्हणाला, काही नाही, नेहमीचंच. माझं झालं, आता तुमचं.

मी विचारलं, किती वाजता?

म्हणाला, सहा वाजून नऊ मिनिटांनी.